रंगांपुरतं बोलणं

दाताचे डॉक्टर गालिचा खांद्यावर टाकून माझ्या खोलीत आले. झोपलेल्या लेकराला उचलून आणावं तसा एक हात त्याच्या पाठीवर. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली असतील. पलीकडच्या चौकातला त्यांचा दवाखाना मला चांगला आठवत होता, माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली होती. तसं मी म्हटलं, तर चष्मा वर करून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"चेहरा नाही लक्षात येत हो," म्हणाले. "तोंड उघडलंत तर ओळखेन."

मी जुने गालिचे दुरुस्त करते. कसरीनं खाल्लेले काठ, इस्त्रीचे डाग, कपाटाच्या पायांनी पडलेली भोकं, सगळं माझ्याकडे येतं. खोलीत एक लांब टेबल आहे, भिंतीवर लोकरीच्या लडी रंगांप्रमाणे टांगलेल्या आहेत आणि दोन्ही खिडक्या अशा बाजूला आहेत की ऊन थेट आत येत नाही. उन्हात रंग खोटं बोलतात.

डॉक्टरांनी टेबलावर गालिचा सोडला आणि तो अर्धा उलगडायच्या आत मी तो ओळखला. डाळिंबी रंगाची जमीन. निळ्या काठावर वेल. चारी कोपऱ्यांत फुटलेली डाळिंबं. मधे झाड आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना लांब शेपटीचे दोन पक्षी, एकमेकांकडे तोंड करून. एकेचाळीस वर्षांनी मी तो बघत होते. मागच्या बाजूला शिवलेली कापडाची चिठ्ठीही अजून होती. शाई तपकिरी झालेली, पण अक्षर माझंच. एकोणिसाव्या वर्षीचं, प्रत्येक वेलांटीला उगाच झोका दिलेला.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

मला वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. 'झाडाखालचे दोन पक्षी समोरासमोर आहेत. हा गालिचा ज्या घरात असेल तिथे अबोला फार दिवस टिकत नाही.'

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पहिली मोठी खरेदी म्हणून दोघांनी हा गालिचा घेतला होता, तो या चिठ्ठीवर भाळूनच. घरी आणला आणि बायकोनं नियम केला. डावा पक्षी तुमचा, उजवा माझा. भांडण झालं की ज्याचा राग आधी उतरेल त्यानं आपल्या पक्ष्यावर जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही. दुसऱ्यानं ते बघितलं की भांडण संपलं.

"आणि संपायचं?"

"संपायचं. अडतीस वर्षं. ती मागच्या हिवाळ्यात गेली. मुलगा म्हणाला, बाबा, खोलीतलं सामान जरा हलवू, तुम्हाला मोकळं होईल. म्हणून पलंग सरकवला, तर उजेड पहिल्यांदा सरळ गालिच्यावर पडला. बघा तुम्हीच."

मी बघितलं होतं. उजवा पक्षी छातीपासून शेपटीपर्यंत पार झिजलेला होता. लोकर जाऊन खालचे पांढरे सुती दोरे दिसत होते, एके ठिकाणी तेही तुटलेले. डावा पक्षी मात्र काल मागावरून उतरवल्यासारखा टवटवीत.

"रोज डोळ्यांसमोर होतं," डॉक्टर म्हणाले. "लोकांच्या दाढेतली मोहरीएवढी कीड मला दिसायची."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत ते लडी बघत हिंडले आणि मग मूळ मुद्द्यावर आले. काठ कसरीनं खाल्लाय तेवढा दुरुस्त करायचा. तिचा पक्षी आहे तसाच ठेवायचा. आणि एक शंका होती. त्यांनी ग्रंथालयात जाऊन गालिच्यांवरची पुस्तकं चाळली होती. एकात लिहिलं होतं की जोडीचे पक्षी म्हणजे लग्न. दुसऱ्यात, पक्षी म्हणजे आत्मा. तिसऱ्यात, ते राजाचं चिन्ह. अबोल्याचं कुठेच नव्हतं.

"तुम्ही यातल्या जाणकार. खरा अर्थ काय याचा? का दुकानदारानं काहीतरी ठोकून दिलं होतं?"

मी म्हटलं, "डॉक्टर, ती चिठ्ठी मी लिहिलीय."

त्यांचा कप बशीवर टेकता टेकता थांबला. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला सांगायचंही होतं.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली होती. आत आठ माग. सगळीकडे लोकरीचे तंतू तरंगत असायचे. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर त्या दिवशीचा रंग. आई तिसऱ्या मागावर होती. तिच्या जोडीची बाई काम सोडून गेली तेव्हा मी तिच्या डाव्या हाताला फळीवर बसले. उभे दोरे पडद्यासारखे समोर ताणलेले, आणि त्या पडद्याच्या पलीकडे स्टुलावर मामा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं काम रंग पुकारायचं. नक्षी चौकटीच्या कागदावर असते, एक चौकट म्हणजे एक गाठ. तो कागद फक्त त्याच्या हातात. तो एका लयीत म्हणत जायचा, "उजवीकडे लाल चार, पिवळी एक, निळ्या दोन, पुन्हा लाल," आणि आई तशा गाठी मारत जायची. मग, "डावीकडे लाल चार..." की मी. ओळ संपली की आम्ही म्हणायचं, "झालं." मग आडवा दोरा घालून लोखंडी पंजानं ठोकायचं आणि पुढची ओळ. मामाचा आवाज असा होता की बाकीच्या मागांवरच्या बायकाही त्याच्या तालावर हात चालवायच्या, जरी त्यांच्या नक्ष्या वेगळ्या असल्या तरी.

मामानं लग्न केलं नव्हतं. माझे वडील गेल्यापासून तो आमच्याच शेजारच्या खोलीत राहायचा आणि आमच्याकडे जेवायचा. आई आणि तो दिवसभर बोलून पुन्हा जेवताना बोलायचे. त्यांना विषय कुठून मिळायचे देव जाणे.

सगळं बिनसलं ते अर्थापायी. शहरात गालिचे विकणाऱ्या दुकानवाल्या बाई एकदा कारखान्यात आल्या. रेशमी स्कार्फ, हातात वही. म्हणाल्या, "गिऱ्हाईक हल्ली विचारतं हो. या फुलाचा अर्थ काय, या कंगव्याचा काय. प्रत्येक गालिच्याला एक चिठ्ठी लावू या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्या मागावरची म्हणाली, "कंगवा म्हणजे कंगवा. डोकं विंचरायला." बाईंचा चेहरा पडला. आम्ही विणायचो ते आईकडून, आजीकडून हातात आलेलं होतं. डाळिंब का, तर कोपऱ्यात गोल बसतं म्हणून. काठावर नागमोडी वेल का, तर मागाच्या कडेला दोरे ओढले जातात आणि सरळ रेघ वाकडी दिसते. वेलीत ते झाकून जातं.

मामाला मात्र कुणाचा चेहरा पडलेला बघवायचा नाही. तो पडद्यामागून म्हणाला, "असं कसं? डाळिंब म्हणजे भरलं घर. दाणे बघा ना किती! वेल म्हणजे लांबचा प्रवास, सुखरूप घरी येणारा. आणि कंगवा हा नव्या नवरीचा." बाई भराभरा लिहून घेत होत्या. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पंधरा दिवस ही गंमत चालली. मग बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी आमच्या गालिच्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं. तिथे आई नेहमी एक छोटी सुरई विणायची. "आणि ही?"

ती सुरई आईच्या आईची. नक्षी चौकटीत पूर्ण बसत नाही, वीतभर जागा उरते, ती भरायला. आई ते सांगणार, तेवढ्यात मामा आवाज खाली आणून म्हणाला, "ती ताईची खूण आहे. भावजी गेल्यापासून विणते. त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवलंय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला. आईनं तो सोडवून घेतला नाही, पण दगडासारखी बसून राहिली. बाई गेल्यावर ती उठली आणि पडद्याच्या कडेनं पलीकडे गेली.

"माझा नवरा तुला चिठ्ठीवर लावायला सापडला?"

"अगं ताई, चांगलंच सांगितलं ना मी? त्यांना किती..."

"मी त्याच्यासाठी काय करते आणि काय नाही, हे मी तुलासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि आता ते कुणाच्या तरी खुर्चीखाली पडून राहणार."

शब्दाला शब्द वाढला. मामा म्हणाला, जरा जास्तच मनाला लावून घेतेस. आई म्हणाली, तुझी जीभ म्हणजे सुटलेलं ढोर आहे. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. तिनं सुरई विणणंही बंद केलं. उरलेली जागा आता ती नुसत्या लाल गाठींनी भरायची.

सात महिने. आणि गंमत अशी की दिवसाचे आठ तास तोच तिच्याशी बोलत होता. "उजवीकडे निळ्या तीन, पांढरी एक." ओळ संपली की ती "झालं" म्हणायची नाही, पंजाची मूठ फळीवर दोनदा आपटायची. जेवताना तर मी मधे टपालखातं झाले होते. "तुझ्या मामाला विचार, अजून वाढू का." मामा हातभरावर बसलेला. "आईला सांग, पोट भरलं." एकदा मी चिडून म्हटलं, मला दोघांनी पगार द्या. दोघंही हसू दाबत ताटात बघत राहिले, पण बोलले नाहीत.

मामाचा आवाज मात्र बदलला. लय गेली. नुसते रंग. इतर मागांवरच्या बायका कुरकुरायला लागल्या की हल्ली हात चालत नाही.

त्यात झाडाची आणि पक्ष्यांची नक्षी आली. आईनं ती आधी तीनदा विणली होती, मी पहिल्यांदाच बसले होते. त्या नक्षीत पक्षी झाडाकडे पाठ करून, बाहेर काठाकडे बघत असतात. मला ते ठाऊक नव्हतं. मी आपली पुकारलेले रंग बांधत होते. शेपटी झाली, पाय झाले, पोट झालं. आई काही बोलली नाही, पण तिचे हात सावकाश चालत होते, एवढं माझ्या लक्षात आलं. मामाही सावकाश पुकारत होता. रंगाच्या आधी क्षणभर थांबायचा, जणू कुणीतरी अडवेल अशी वाट बघत.

तिसऱ्या दिवशी दुपारी चोची आल्या. "उजवीकडे," मामा म्हणाला, "पिवळी एक." आणि गप्प. "डावीकडे पिवळी एक." पुन्हा गप्प.

मी मागे सरून बघितलं. झाडाच्या दोन्ही बाजूंनी दोन पक्षी एकमेकांकडे बघत होते. आईनं पंजा आपटला नाही. दोऱ्यांच्या पडद्यातून तिनं सरळ पलीकडे बघितलं आणि म्हणाली,

"चोच इकडे वळवायला सात महिने लागले का रे तुला?"

पलीकडे मामानं नाक ओढलं. "कागद उलटा धरला गेला," तो म्हणाला.

"हो. कागद मेला नेहमीचाच वाह्यात."

दोघं असे हसत सुटले की पहिल्या मागावरची बघायला आली. काय झालं ते मला संध्याकाळी आईनं समजावून सांगितलं.

गालिचा उतरवल्यावर दुकानवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, पक्षी असे कसे? अर्थ काय? सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामानं कानाला हात लावले, "मी नाही बाबा." तेव्हा आईनं मला शाई आणायला सांगितली आणि स्वतः एकेक शब्द सांगून ती चिठ्ठी लिहून घेतली. आमच्या कारखान्यातल्या शेकडो चिठ्ठ्यांपैकी तेवढी एकच खरी होती.

एवढं सांगून होईतो डॉक्टरांचा चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

"मामा?"

"जाऊन बारा वर्षं झाली. कारखाना त्याच्याही आधी बंद पडला. आई आहे. चौऱ्याऐंशीची. डोळ्यांनी फारसं दिसत नाही."

"हा त्यांना दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला खोलीत घेऊन आले. डॉक्टर आधीच दाराशी उभे होते. आई खुर्चीत बसली आणि मी गालिचा तिच्या मांडीवर उलटा टाकला, कारण विणकर मागूनच वाचतात. तिची बोटं काठावरून आत सरकली. डाळिंबावर थांबली, झाडाचं खोड चढली, एका पक्ष्याकडे वळली.

"हा तुझा पक्षी," मला म्हणाली. "गाठी सैल. किती सांगायचे तुला." मग बोटं दुसऱ्या पक्ष्यावर गेली आणि दचकल्यासारखी मागे आली. "हे काय? हा माझा. माझ्या गाठी आधी कशा गेल्या? तुझ्या सैल गाठी टिकल्या आणि माझ्या गेल्या?"

"माझ्यामुळे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सगळं तिला सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं. शेवटच्या आजारपणातसुद्धा ते एकदा औषधावरून बायकोवर ओरडले होते आणि ती भिंतीला धरून धरून पक्ष्यावर येऊन उभी राहिली होती, ते माझ्याजवळ बोलले नव्हते.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही एकटेच तसे नाही. मीही समोरच्यालाच झुकू दिलं. मला शेपटीलाच कळलं होतं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"पक्षी शेपटीपासून वर विणला जातो. नेहमीच्या नक्षीसारखा असता तर शेपटी झाडाकडे आली असती. ती काठाकडे आली, तेव्हाच मी ओळखलं की हा पठ्ठ्या कागद सोडून पुकारतोय. पहिल्या दिवशी सकाळीच."

"आणि तीन दिवस गप्प बसलीस?"

"बसले." तिनं गालिच्यावरून हात फिरवला. "बिचारा किती जपून एकेक रंग सांगत होता. तसं पुन्हा कुणी बोललं असतं का माझ्याशी?"

एकेचाळीस वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मामालाही नसणार. मला तिचा रागही आला आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. डॉक्टर चष्मा पुसत होते.

मग दुरुस्तीचा विषय निघाला. मी म्हटलं, डॉक्टरांना उजवा पक्षी तसाच ठेवायचाय.

"तसाच?" आईचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. "उभे दोरे तुटलेत. वर्षभरात झाडापर्यंत भोक जाईल. भरायचा."

"पण ती तिची..."

"तिनं तो झिजवला तो भिंतीवर टांगण्यासाठी नाही. भरून घ्या आणि जमिनीवर घाला. घरात नातवंडं आहेत का?"

"दोन आहेत. दिवसभर भांडतात."

"मग झालं तर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आईपुढे माझं कधी चाललंय? शेवटी त्यांनी एकच मागणं केलं. जुन्या पक्ष्याची जी थोडी लोकर गळ्यापाशी उरली आहे ती काढू नये. मी कबूल केलं. नवी लोकर जुन्या लोकरीशेजारी जराशी उठून दिसेल, हेही सांगितलं. "दिसू दे," म्हणाले.

काम सहा आठवडे चाललं. आधी उभे दोरे जोडले, मग डाव्या पक्ष्याच्या गाठी मोजत उजवा उलटा भरत गेले. निळा रंग जमेना. तीनदा लोकर रंगवली तेव्हा कुठे त्या जुन्या निळ्याच्या जवळ गेली. डॉक्टर दर गुरुवारी दुपारी यायचे, बघायला म्हणून. आई त्या दिवशी हटकून खोलीत येऊन बसायची. दोघं कशावरूनही वाद घालायचे. गाठ डावीकडून ओढावी की उजवीकडून यावरही डॉक्टरांना मत होतं. आईनं त्यांना एकदा गाठ मारायला बसवलं. त्यांनी अर्ध्या तासात चार मारल्या, त्यातली एक सुटली.

"तुमच्या हातून दात कसे काढून घेतले लोकांनी?" आई म्हणाली.

"तुम्ही बोलताना डावीकडची कवळी हलते," ते शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून ऐकतोय. काढा बघू."

मला वाटलं, आता आईचा भडका उडणार. ती कवळी तिला वर्षभर टोचत होती आणि माझं एकदाही ऐकलं नव्हतं तिनं. पण तिनं दोन मिनिटं विचार केला, माझ्याकडे पाठ केली आणि काढून रुमालावर ठेवली. डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून बारीक कानस काढली. म्हणजे तयारीनं आले होते. खिडकीजवळ उभं राहून, उजेडात धरून धरून त्यांनी ती पंधरा मिनिटं घासली, पुसली, परत दिली.

आईनं ती बसवली, तोंड दोनचारदा उघडून मिटून बघितलं.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"उशीर केलात," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि मला सांगितलं की चहाबरोबर आज काहीतरी कडक खायला आण.